रिकामा हात

खरोखर रिकामा असलेला हात कसा दिसतो, हे आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं. हातात काही असलं की नजर त्या वस्तूवर जाते आणि काही नसलं की हाताला ओलांडून चेहऱ्याकडे जाते. मी मात्र चैत्रापासून लोकांचे रिकामे हात न्याहाळत हिंडतो आहे. पनवेलच्या मंडईत पिशवी खाली ठेवून घासाघीस करणाऱ्यांचे, एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणाऱ्यांचे, संध्याकाळी वडाळे तलावाकाठी बसलेल्या निवृत्त मंडळींचे. रिकामा हात कधी पूर्ण उघडा नसतो. तो किंचित मिटलेला असतो, आणि बोटं गुण्यागोविंदानं वाटणी झालेल्या भावांसारखी शेजारी शेजारी, पण आपापल्या घरात असतात. अंगठ्याचं कुणाकडे लक्ष नसतं. आपण रिकामे आहोत याची त्या हाताला कल्पनाच नसते, आणि नेमकं हेच न कळणं मला शिकायचं आहे.

त्याचं असं झालं की आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात गेली काही वर्षं मी ‘साठीनंतरचा आहार’ या विषयावर बोलत आलो आहे. श्रोते कमी असतात, पण जे असतात ते झोपतात तरी शांतपणे. यंदा सांस्कृतिक समितीतली एक मुलगी घरी आली, तिनं चहा घेतला, माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि अतिशय मऊ आवाजात विचारलं, “काका, तुम्हाला दुसरं काही येतं का हो?” मला दुसरं काहीच येत नव्हतं. पण काही प्रश्नांना खरं उत्तर देण्याचं वय निघून गेलेलं असतं. मी म्हणालो, “जादू.” शब्द तोंडातून गेल्यावर मीच चमकलो. ती मात्र खूश होऊन वहीत लिहून गेली.

म्हणून मी मास्तरांकडे गेलो. मास्तर पनवेल आगारातून निवृत्त झालेले एसटी कंडक्टर. आपल्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतातच, पण हे शाळांच्या स्नेहसंमेलनांत जादूचे प्रयोग करायचे, त्यामुळे त्यांची मास्तरकी दुहेरी. तिकिटांचे गठ्ठे, पंच, सुटे पैसे आणि एका हातानं दांडा धरून उभं राहणं यांत त्यांची बोटं तयार झाली. कर्नाळ्याच्या खिंडीत गाडी वळणं घ्यायला लागली की लहान मुलं रडत, आणि मास्तर त्यांच्या आईच्या हातातलं तिकीट घेऊन हवेत नाहीसं करत. मूल गप्प होई. एकदा तपासनीस नेमका त्याच क्षणी चढला म्हणे, आणि ते तिकीट मुलाच्या कानामागून काढून दाखवेपर्यंत आईच रडकुंडीला आली होती.

मास्तरांनी पहिल्या दिवशी मला पत्त्यांचा अख्खा कॅट दिला नाही. एकच पत्ता दिला, किलवर तिर्री. मी इस्पिकचा राजा मागितला, तर म्हणाले, “राजे गेल्याचं आता कुणाला नवल वाटत नाही, साहेब. तिर्री जाऊ दे, मग लोक विचारतील कुठं गेली.”

करामत सांगायला सोपी आहे. पत्ता अंगठा आणि मधली दोन बोटं यांच्या चिमटीत धरायचा. मग ती दोन बोटं दुमडून पत्त्याच्या मागे न्यायची. तर्जनी आणि करंगळी दोन बाजूंनी येऊन कडा पकडतात. अंगठा सोडायचा, चारही बोटं ताठ करायची, आणि पत्ता फिरून पंजाच्या पाठीला जाऊन टेकतो. समोरून दिसतो तो मोकळा तळवा. पत्ता कुठेही गेलेला नसतो, त्याचे दोन कोपरे तेवढे बोटांच्या फटींत अडकलेले असतात. हे गुपित इथे लिहू का म्हणून मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, “लिहा की. सांगून येत असतं तर तुम्हाला एव्हाना आलं असतं.”

या सगळ्या व्यवहारात खरी जबाबदारी येते करंगळीवर. मी बँकेत कॅशियर होतो. नोटा मोजताना अंगठा राबायचा, तर्जनी राबायची, मधलं बोट नोटेला वळण द्यायचं. करंगळीनं उभ्या नोकरीत काय केलं, तर चहाचा कप उचलताना ती बाजूला उभी राहिली. तिला आयुष्यात पहिल्यांदा काम मिळालं ते निवृत्तीनंतर, आणि तेही चोरीचा माल सांभाळण्याचं! साहजिकच ती बावरते. पत्ता तिच्या ताब्यात गेला की ती आखडते, थरथरते, आणि बाकीच्या बोटांनी निर्लेप चेहऱ्यानं उभारलेला सगळा बनाव एकटी उघडा पाडते.

पण करंगळीला तरी किती बोल लावायचा? अडचण त्याहून खोलवर आहे. ज्या माणसानं हयातभर संध्याकाळी रोकड जुळवली, एक कागद कमी भरला तर पंखा बंद करून टेबलाखाली शोधला, त्याला कागद नाहीसा करण्याचा आनंद होईल कसा? हातातला पत्ता दिसेनासा झाला की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो. मास्तर म्हणतात, “चेहरा हसरा ठेवा.” माझ्या चेहऱ्यावर मात्र हिशेब न जुळल्याची कळा येते. त्यांचं दुःख याच्या अगदी उलट. त्यांना आयुष्यभर सुट्या पैशांसाठी लोकांनी छळलं, त्यामुळे वस्तू गायब करताना त्यांना निखळ समाधान मिळतं.

या विद्येला मोठी परंपरा आहे. अमेरिकेतल्या हॉवर्ड थर्स्टननं (1869–1936) पत्ते हाताच्या पाठीमागे दडवण्याच्या याच कौशल्यावर आधी नाव कमावलं, मग मोठमोठ्या पेट्या आणि तरंगत्या बायका आल्या. 1906च्या सुमारास तो भारतातही प्रयोग करत फिरला. हूडिनीसुद्धा बेड्या तोडायच्या आधी स्वतःची जाहिरात पत्त्यांचा बादशहा म्हणून करत होता. आपल्याकडे जादू म्हटलं की पुण्याच्या रघुवीर भोपळ्यांचं नाव निघतं, जादूगार रघुवीर (1924–1984). त्यांच्यानंतर विजय रघुवीर आणि मग जितेंद्र रघुवीर, अशी तीन पिढ्यांची ती जादू. लहानपणी मामाबरोबर मी त्यांचा प्रयोग पाहिला होता. खरं म्हणजे मी मामाला पाहिलं, कारण मामा रंगमंचाकडे बघतच नव्हता. त्याला खात्री होती की सगळं दोऱ्यांवर चालतं, म्हणून तो प्रयोगभर मान वर करून छताकडे पाहत बसला. घरी आल्यावर म्हणाला, “दोरी फार बारीक वापरतो.” मामाला फसवण्यासाठी रघुवीरांना काहीच करावं लागलं नाही, हे मला आत्ता, स्वतः शिकायला बसल्यावर कळतं.

मध्येच एकदा मला प्रश्न पडला की पत्ता चौकोनी नसता तर? हा प्रश्न मला सावंतवाडीनं घातला. तिथल्या राजवाड्यात लाखेच्या रंगकामाची जी जुनी कला राजघराण्यानं, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी जगवली, तिच्यातला मानाचा दागिना म्हणजे गंजिफा. गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात 10 अवतारांचे 10 रंग आणि प्रत्येकाचे 12, असे 120 पत्ते. मत्स्य, कूर्म, वराह सगळे आपापल्या राजा-प्रधानासह हजर. दिवसा खेळायला बसलं तर रामाची उतारी, रात्री बसलं तर कृष्णाची. हाताच्या तळव्यात हा गोल पत्ता ठेवून पाहिला आणि माझी सगळी विद्या संपली. त्याला कोपराच नाही! बोटांच्या फटीत अडकवणार काय? पृथ्वीवरून वेळोवेळी नाहीसा होऊन वेगळ्याच रूपात प्रकट होणारा विष्णू माझ्या पंजामागे मात्र काही केल्या जाईना. जो स्वतःच्या मर्जीनं येतो-जातो त्याला तुम्ही कोण घालवणार, असं त्या लाखेच्या नरसिंहाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी त्याला अदबीनं डब्यात ठेवलं आणि तिर्रीकडे परत आलो.

बाजारात दोन मापांचे पत्ते मिळतात. लांबी दोन्हींची 88 मिलिमीटर, रुंदी मात्र एकाची 63 आणि दुसऱ्याची 57. माझ्या हाताला अरुंद पत्ता सोयीचा, पण मास्तर रुंदावर अडून बसले. त्यांचं म्हणणं, मागच्या रांगेतल्या माणसाला पत्ता आधी दिसला पाहिजे. जो दिसलाच नाही तो गेला काय नि राहिला काय!

सराव आरशासमोर करावा, असं मी समजत होतो. आरशासमोर माझी जादू पहिल्याच आठवड्यात विलक्षण जमू लागली. पत्ता असा नाहीसा होई की मीच थक्क होऊन इकडेतिकडे पाही. ही वार्ता मी मास्तरांना कळवली तेव्हा ते खो खो हसले. शिकणारा माणूस आरशात पाहताना नेमक्या त्या क्षणी डोळे मिचकावतो, स्वतःला सवलत देतो. जादूगारांच्या जगात हे फार जुनं दुखणं आहे. म्हणून हल्ली लोक मोबाइलवर चित्रीकरण करून पाहतात. मीही केलं. त्यात एक वयस्क गृहस्थ हातात पत्ता लपवून, डोळे गच्च मिटून, कुणीतरी सुई टोचणार असल्यासारखे उभे होते. पत्ता दोन बोटांच्या फटीतून पांढरा लखलखत होता. माझ्याच घरात, माझ्याच आरशानं मला इतकी वर्षं कोणकोणत्या बाबतीत सवलत दिली असेल, असा विचार मनात आला. तो मी पुढे नेला नाही.

नाहीसे होणारे पत्ते माझ्या घराला नवे नाहीत. आमच्या लहानपणी बावन्न पत्ते पुरते असलेला कॅट मी पाहिलेला नाही. मे महिन्यात आत्येभावंडं, मामेभावंडं जमत, मेंढीकोट आणि बदाम सात रंगात येई, आणि कधीतरी चौकट नव्वी सापडेनाशी होई. ती कुणी लपवलेली नसे. ती गादीखाली, माळ्यावर, ताकाच्या रवीजवळ, कुठे जाई देव जाणे. मग एका जोकरच्या कपाळावर बॉलपेननं ‘चौकट नव्वी’ असं लिहून त्याला बसवलं जाई. तो विदूषक बिचारा अंगावर घंटा आणि डोक्यावर टोपी घेऊन वर्षानुवर्षं नव्वीची नोकरी करी. त्याला कुणी हसत नसे. पुढे खरी नव्वी एखाद्या दिवाळीच्या सफाईत सापडली तरी तिला पुन्हा रुजू करून घेत नसत, कारण तोवर तिच्या पाठीचा रंग इतरांहून कोरा राहिलेला असे आणि ती लगेच ओळखू येई.

याच कॅटनं आम्ही गुलामचोर खेळायचो. एक गुलाम काढून टाकायचा, जोड्या लावत जायचं, शेजाऱ्याच्या हातातला पत्ता ओढायचा, आणि शेवटी ज्याच्याकडे एकटा गुलाम उरेल तो चोर. लहान मुलांना हा खेळ जड जातो. चोर ठरलेलं मूल हुंदके देऊन रडतं. पण आमच्या पनवेलच्या घरात लहान मूल कधीच चोर ठरलं नाही. चोर नेहमी आत्या व्हायची. वयाच्या विशीतच माहेरी परत आलेली ही माझी मोठी आत्या. तिच्याकडे एकदा गुलाम आला की तो दुसऱ्या कुणाला ओढताच येत नसे. मला वाटे तिचं नशीबच तसं. आज तिचे हात आठवले की कळतं, पत्त्यांच्या पंख्याच्या पाठीमागे, आडव्या बोटांआड, तिनं तो गुलाम दडवलेला असायचा. थर्स्टनचं नाव तिला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. खेळ संपता संपता ती पंखा उलगडायची आणि म्हणायची, “अगंबाई, हा मेला माझ्याकडेच राहिला की!” आम्ही चोर, चोर म्हणून ओरडायचो, आणि तिच्या तोंडावर चोरी पचल्याचा जो आनंद असे तो मी पुढे अट्टल ठेवीदारांच्याही तोंडावर पाहिला नाही.

यात नवल हे की मोठ्यांना सगळ्यांना माहीत होतं. आजोबांना, काकांना, माझ्या आईला. आत्याची बोटं हलली की काका न चुकता छताच्या पंख्याकडे बघून हा आवाज कसला करतो म्हणायचे. आई पाणी आणायला उठायची. जादूगार प्रेक्षकांची नजर दुसरीकडे वळवतो असं म्हणतात, पण त्या ओसरीवर प्रेक्षकच आपण होऊन दुसरीकडे बघत. आमच्याकडे त्या काळातला एक कौटुंबिक फोटो आहे. सगळे आहेत त्यात, दोन शेजारीसुद्धा आहेत. आत्या नाही. फोटो काढताना चुलीवरच्या दुधाकडे कुणीतरी बघायला हवं होतं.

नजरेचं हे प्रकरण शास्त्रज्ञांनीही तपासलं आहे. ग्युस्टाव्ह कून आणि मायकेल लँड या दोघांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर फेकून झेलतो आणि तिसऱ्यांदा नुसता फेकल्याचा आविर्भाव करतो, चेंडू मुठीतच राहतो. जादूगार मान वर करून त्या नसलेल्या चेंडूच्या मागे पाहत राहिला तेव्हा 68 टक्के लोकांनी सांगितलं की चेंडू वर जाऊन दिसेनासा झाला. त्यानं मुठीकडे पाहिलं तेव्हा असं म्हणणारे 32 टक्केच निघाले. गंमत पुढेच आहे. लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तर ज्यांनी चेंडू वर जाताना पाहिला होता त्यांचेही डोळे वर गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे लागले होते. म्हणजे माणूस पाहतो ते पुष्कळदा समोरचा काय पाहतो आहे ते. मास्तरांना मी हे आकड्यांसह सांगितलं. ते म्हणाले, “गाडीत कंडक्टरनं खिडकीबाहेर बघितलं की सगळी गाडी बघते. त्याला प्रयोग कशाला?” तेव्हापासून मी पत्ता गेल्यावर हाताकडे न पाहता वर, किंचित डावीकडे, तो जिथे जायला हवा होता तिथे पाहायला शिकतो आहे. गच्चीवर हा सराव करताना पश्चिमेकडे तोंड येतं.

आणि पश्चिमेकडे पाहिलं की आणखी एक नाहीशी झालेली गोष्ट दिसते, किंवा दिसत नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी काढून टाकली. नव्वद मीटरच्या आसपास उंची होती तिची. सुरुंगांनी ती फोडली, तिचाच दगड सखल जागेत भरला, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावांनी बिऱ्हाडं हलवली. 8 ऑक्टोबर 2025ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि सगळ्यांच्या माना वर गेल्या. आमच्या गच्चीवरचे म्हातारे अजून पाऊस कुठून येतोय ते सांगताना टेकडीच्या जागेकडे बोट करतात. पनवेलला नाहीसं होण्याची आणि प्रकट होण्याची तशी जुनी सवय आहे. रेल्वेआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीनं पनवेल बंदरात उतरायचा आणि 1830 साली गाड्यांसाठी खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्यानं वर चढायचा. 1863 साली घाटातून आगगाडी गेली, तीही कर्जतवरून, आणि पनवेलच्या बंदराची वर्दळ बघता बघता ओसरली. मग किती तरी वर्षांनी द्रुतगती मार्ग आला, लोकल आली, इमारती आल्या, आणि गाव पुन्हा सगळ्यांना दिसू लागलं. मास्तर टेकडीबद्दल फारसे बोलत नाहीत. त्यांचा मावसभाऊ त्या दहांतल्याच एका गावचा. एकदाच म्हणाले, “आपण पत्ता मागं ठेवतो, साहेब. त्यांनी फाडला.”

तर आता प्रयोगाकडे. आमचा रंगमंच म्हणजे सोसायटीचा मांडव. फडके नाट्यगृह असतं तर बरं झालं असतं, तिथे लोक मुकाट्यानं समोर बसतात. (ज्यांच्या नावाचं ते नाट्यगृह, त्या शिरढोणच्या वासुदेव बळवंतांनी एडनच्या तुरुंगातून नाहीसं होताना कसलीही हातचलाखी केली नव्हती, दारच बिजागरीतून उखडलं होतं. त्या मार्गाला लागणारी मनगटं माझ्याकडे नाहीत.) पत्ता पंजामागे लपवण्याची ही कला समोरच्या प्रेक्षकांसाठी जन्मली. आपला रस्त्यावरचा जादूगार, पोतडी आणि जमुरा घेऊन येणारा, चहूबाजूंनी लोकांनी वेढलेला असे. त्याच्या पाठीमागे पोरं, डाव्या-उजव्या हाताला पोरं, समोरच्या झाडावर पोरं. त्यानं पंजामागे पत्ता धरला असता तर निम्म्या गावानं तो काढून घेतला असता. वाटी आणि गोळ्यांचे, टोपलीचे खेळ त्यानं तसल्या वेढ्यात उभं राहून केले. त्याच्यापुढे थर्स्टनसुद्धा मला जरा लाडावलेला वाटतो.

मांडवाची पाहणी करायला मी मास्तरांना घेऊन गेलो. अजून नुसते बांबू उभे होते. मंडळाच्या चिटणीस पोराला मी सांगितलं की खुर्च्या फक्त समोर मांड, बाजूला एकही नको. तो मान डोलवत ऐकत होता. मग म्हणाला, “काका, खुर्च्यांचं करतो. पण मखर तुमच्या उजव्या हाताला येणार. गणपतीला कुठं सरकवू?”

आम्ही दोघे गप्प झालो. पत्ता माझ्या पंजामागे गेला की उजवीकडच्याला तो पूर्ण दिसणार होता, आणि उजवीकडे दहा दिवस साक्षात विघ्नहर्ता बसणार होता. मूर्ती दरवर्षीप्रमाणे पेणहून येणार. गेल्या वर्षीचा फोटो त्या पोराच्या मोबाइलवर होता, तो आम्ही मोठा करून पाहिला. चार हात. एकात पाश, एकात अंकुश, एकात मोदक. चौथा हात आशीर्वादाचा, तळवा पुढे, चारही बोटं सरळ, एकमेकांना लागलेली, फट नाही, ताण नाही, करंगळी शांत. मी चैत्रापासून जे साधायला धडपडतो आहे ते हेच होतं. मास्तर बराच वेळ तो हात पाहत राहिले. “मागं काय असेल, कुणी बघितलंय?” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात समव्यावसायिकाबद्दलचा आदर होता. मला वाटलं, पेणच्या कारखान्यात पावसाळ्याआधी ओळीनं वाळत घातलेल्या शेकडो मूर्ती असा हात पुढे करून बसलेल्या असतात, आणि त्यांच्यासमोर ओल्या मातीनं माखलेल्या हातांची माणसं चहा पीत असतात. एवढ्या रिकाम्या हातांसमोर बसायचं म्हणजे धीर हवा.

“देवाला दिसलं तर चालेल,” मी म्हणालो. “तो कुणाला सांगणार नाही.”

“देवाचं सोडा. मखराजवळ आरतीवाल्या बायका बसतात. त्या सांगतील.” मास्तर दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटून त्यांनी अंतर पाहिलं. “डाव्या हातानं करा. डाव्याचा तळवा उजवीकडे वळतो.”

“मला डाव्या हातानं येत नाही.”

“उजव्यानं तरी कुठं येत होतं?” असं म्हणून त्यांनी खिशातून किलवर तिर्री काढून माझ्या डाव्या हातात ठेवली.

डाव्या हाताची करंगळी उजव्या करंगळीपेक्षाही अननुभवी निघाली. ते एक वेळ चाललं असतं. पण शेजारच्या बोटात साखरपुड्याची अंगठी आहे, आणि पत्त्याचा कोपरा नेमका तिला अडतो. ती अंगठी इतक्या वर्षांत कधी काढलेली नाही. बोट जाड झालं, अंगठी तेवढीच राहिली. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. ही सोफ्यावर बसून शेंगा सोलत माझी खटपट पाहत होती. शेवटी मी कारण सांगितलं. ती शेंग फोडत म्हणाली, “अंगठी कशाला काढताय? अरुंद पत्ता मिळतो म्हणत होतात ना, तो आणा.”

“मास्तरांना चालणार नाही.”

“मास्तरांनी घातलीय का अंगठी?”

दुकान नऊला बंद होतं. मी चपला घातल्या.